गणकयंत्रांच्या जाळ्यातील सांधे : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ईथरनेट स्विचची निवड

१. तारांचा प्रश्न

दोन गणकयंत्रांमध्ये संदेशांची देवाणघेवाण व्हावयाची असेल, तर त्यांच्यामध्ये एक तार ओढली म्हणजे काम भागते. दहा यंत्रांपैकी प्रत्येकास इतर प्रत्येकाशी जोडावयाचे म्हटले, तर पंचेचाळीस तारा लागतात. यंत्रांची संख्या २४,५७६ असेल, तर तारांची संख्या तीस कोटींच्या वर जाते. इतक्या तारा ओढणे अशक्यच होय. म्हणून प्रत्येक यंत्रापासून एकच तार काढून ती एका मध्यवर्ती उपकरणात आणून सोडतात, आणि आलेला संदेश त्याच्या पत्त्याप्रमाणे योग्य तारेवर चढविण्याचे काम त्या उपकरणावर सोपवितात. या उपकरणास स्विच असे म्हणतात. रेल्वेच्या जंक्शनावर सांधेवाला ज्याप्रमाणे सांधा बदलून गाडी हव्या त्या रुळावर घेतो, त्याचप्रमाणे स्विच हा संदेशाचा मार्ग ठरवितो. फरक इतकाच की, त्याला हे काम एका सेकंदात अब्जावधी वेळा करावे लागते.

वर घेतलेली २४,५७६ ही संख्या काल्पनिक नाही. मेटा या अमेरिकन कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपल्या दोन मोठ्या गणनसमूहांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील प्रत्येक समूहात इतकेच जीपीयू, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितास उपयुक्त असे प्रोसेसर, जोडलेले होते. एक समूह ईथरनेट पद्धतीने बांधलेला होता, तर दुसरा इन्फिनिबँड नावाच्या निराळ्या पद्धतीने. दोहोंतही प्रत्येक जीपीयूला सेकंदाला ४०० गिगाबिट वाहून नेणारा जोड दिला होता. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लामा ३’ मालिकेतील सर्वांत मोठे भाषाप्रारूप ईथरनेटच्याच जाळ्यावर तयार झाले.

असे जाळे उभारताना स्विच कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीखात्याचा वाटतो. वस्तुतः तो गणिताचा आणि तारतम्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले, तर अत्यंत मोलाची हजारो यंत्रे वीज खात नुसती बसून राहतात.

२. ईथरनेटची वाटचाल

१९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ईथरनेटची कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. त्या पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. त्यात स्विच नव्हताच. एकच जाड तार सर्व यंत्रांपुढून जाई; ज्याला बोलावयाचे असेल त्याने तार मोकळी आहे की नाही हे पाहावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, असा साधा शिष्टाचार होता. १९८३ मध्ये या पद्धतीस ८०२.३ या क्रमांकाचे प्रमाणित रूप मिळाले.

यंत्रे वाढली तशी सामाईक तार अपुरी पडू लागली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या भारतीय नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. पोर्ट म्हणजे तार जोडण्याचे तोंड. प्रत्येक यंत्रास स्वतःची तार मिळाल्यामुळे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा येईनासा झाला. तेथपासून वेग सतत वाढत गेला. ४०० गिगाबिटांचे प्रमाण २०१७ च्या अखेरीस आणि ८०० गिगाबिटांचे २०२४ मध्ये निश्चित झाले. मेटकाफ यांच्या पहिल्या तारेच्या तुलनेत ४०० गिगाबिटांचा एक जोड सुमारे एक लाख छत्तीस हजार पट वेगवान आहे.

३. पंगतीचा न्याय

इतक्या वेगाची गरज का भासते, हे समजण्यासाठी यंत्राच्या ‘शिक्षणा’चे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मोठ्या भाषाप्रारूपात कोट्यवधी प्राचल असतात. प्राचल म्हणजे अशी संख्या, जिची योग्य किंमत यंत्राने उदाहरणांवरून शोधून काढावयाची असते. लामा ३ मालिकेतील मोठ्या प्रारूपात ४०५ अब्ज प्राचल होते. एवढे काम एका प्रोसेसरच्या आवाक्यातले नसल्यामुळे ते हजारो जीपीयूंमध्ये वाटून देतात. प्रत्येक जीपीयू आपल्या वाट्याचे गणित करतो, मग सर्वजण आपापली उत्तरे एकमेकांस कळवितात, त्यांची बेरीज होते, आणि सुधारलेले प्राचल घेऊन पुढची फेरी सुरू होते. अशा लक्षावधी फेऱ्या होतात.

येथे पंगतीचा न्याय लागू पडतो. पंगतीत बहुतेकांची जेवणे आटोपली, तरी शेवटचा माणूस हात धुवावयास उठेपर्यंत दुसरी पंगत बसत नाही. त्याचप्रमाणे एका जीपीयूचे उत्तर वाटेत अडकले, तर उरलेल्या हजारोंना थांबणे भाग पडते. सर्वसाधारण कचेरीच्या जाळ्यात एखादे पत्र क्षणभर उशिरा पोहोचले, तर फक्त ते पत्र उशिरा पोहोचते. येथे मात्र एका संदेशाचा उशीर हा सर्वांचा उशीर होतो. म्हणून अशा जाळ्याची परीक्षा त्याच्या सरासरी वेगावरून न करता सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या संदेशावरून करावी लागते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

कालावधीची कल्पना येण्यासाठी एक ढोबळ हिशेब पुरे. प्रत्येक प्राचलास दोन बाइट धरले, तर ४०५ अब्ज प्राचलांचे ८१० गिगाबाइट होतात. ४०० गिगाबिट म्हणजे ५० गिगाबाइट. तेव्हा हा साठा एका जोडावरून नेण्यास सोळा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. जोडाची अर्धीच क्षमता हाती आली, तर बत्तीस सेकंद लागतील. प्रत्यक्षात हा साठा अनेक यंत्रांत विभागलेला असतो आणि गणित व दळणवळण शक्य तेवढे एकाच वेळी चालू ठेवतात. तरीही प्रत्येक फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदाला फेऱ्यांच्या संख्येने गुणावे लागते, हे विसरून चालत नाही.

४. पोर्ट किती आणि मजले किती

स्विचच्या माहितीपत्रकावर प्रथम त्याची एकूण वहनक्षमता छापलेली असते. ब्रॉडकॉम कंपनीच्या टोमाहॉक ५ या स्विच-चिपची क्षमता सेकंदाला ५१.२ टेराबिट असून ती २०२२ मध्ये पुढे आली. २०२५ मधील टोमाहॉक ६ ची क्षमता १०२.४ टेराबिट आहे. एनव्हिडिया कंपनीची स्पेक्ट्रम ४ ही चिपही ५१.२ टेराबिटांची आहे. परंतु हा आकडा म्हणजे अनेक पोर्टांची बेरीज होय. ५१.२ टेराबिटांचे ८०० गिगाबिटांचे ६४ पोर्ट करता येतात किंवा ४०० गिगाबिटांचे १२८ करता येतात. कमी पण रुंद तोंडे घ्यावीत की अधिक पण अरुंद, हा निवडीतील पहिला विचार.

पोर्टांची संख्या एवढी महत्त्वाची का? कारण चोवीस हजार तारा एका स्विचमध्ये मावत नाहीत. अनेक स्विच मजल्यांप्रमाणे एकमेकांवर रचावे लागतात. या रचनेचा पाया टेलिफोनच्या काळात घातला गेला. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये असे दाखवून दिले की, लहान लहान स्विचांचे थर योग्य प्रमाणात जोडले, तर एका अवाढव्य स्विचचे काम त्यांच्याकडून अडथळ्याविना करून घेता येते. आजच्या गणनकेंद्रांतील रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दोन मजल्यांच्या रचनेत खालच्या स्विचचे निम्मे पोर्ट यंत्रांकडे आणि निम्मे वरच्या मजल्याकडे देतात. खालून जेवढे येईल तेवढे वर जाण्यास वाट असल्यामुळे कोठेही अरुंद गळा राहत नाही. प्रत्येक स्विचला ‘क’ पोर्ट असतील, तर अशा रचनेत जास्तीत जास्त क × क ÷ २ यंत्रे जोडता येतात. तीन मजल्यांच्या रचनेत ही मर्यादा क × क × क ÷ ४ इतकी होते.

हे सूत्र २४,५७६ यंत्रांना लावून पाहावे. ४०० गिगाबिटांचे १२८ पोर्ट असलेला स्विच घेतला, तर दोन मजल्यांत १२८ × १२८ ÷ २ म्हणजे ८,१९२ यंत्रेच मावतात. तिसरा मजला बांधणे प्राप्त होते. त्यासाठी खालच्या थरात ३८४, मधल्या थरात ३८४ आणि वरच्या थरात १९२, असे एकूण ९६० स्विच लागतात. स्विचांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा ४९,१५२ होतात.

आता १०२.४ टेराबिटांचा, म्हणजे ४०० गिगाबिटांचे २५६ पोर्ट देणारा स्विच घ्यावा. दोन मजल्यांत ३२,७६८ यंत्रांची सोय होते, म्हणजे २४,५७६ सहज मावतात. खाली १९२ आणि वर १२८, असे एकूण ३२० स्विच पुरतात. मधल्या तारा निम्म्या, म्हणजे २४,५७६ होतात. लांबचा संदेश पूर्वी पाच स्विचांतून जात असे. आता तो तिनांतूनच जातो.

स्विचची क्षमता दुप्पट झाली आणि स्विचांची संख्या निम्मी न होता एक-तृतीयांश झाली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक संपूर्ण मजला गळाला, हे त्याचे कारण. या बचतीत विजेचा भागही मोठा आहे. लांबच्या तारा काचतंतूंच्या असतात. त्यांच्या प्रत्येक टोकाला विद्युत्-संकेतांचे प्रकाशात रूपांतर करणारा जोड बसवावा लागतो. २४,५७६ तारा कमी झाल्या, म्हणजे ४९,१५२ जोड कमी झाले. एकेका जोडास आठ वॉट वीज धरली, तरी सुमारे चारशे किलोवॉटांची बचत होते, आणि तीही अहोरात्र.

यावरून सर्वांत मोठा स्विच हाच सदैव उत्तम, असा निष्कर्ष मात्र काढू नये. केंद्रात यंत्रेच दोन हजार असतील, तर ६४ पोर्टांच्या स्विचनेही दोन मजल्यांत २,०४८ यंत्रांची सोय होते. नव्या चिपसाठी अधिक मोल देऊन पोर्ट रिकामे ठेवण्यात काही हशील नाही.

५. सर्वत्र सारखी रुंदी हवी काय?

मेटाच्या ईथरनेट समूहात तीन थर होते. एका कपाटात सोळा जीपीयू आणि त्यांचा एक स्विच. अशा १९२ कपाटांचा मिळून ३,०७२ जीपीयूंचा एक गट. आणि असे आठ गट मिळून पूर्ण समूह. गटाच्या आत संदेशांना पूर्ण रुंदीची वाट होती. गटागटांना जोडणाऱ्या वरच्या थरात मात्र क्षमता एकास सात या प्रमाणात कमी ठेवली होती.

वरकरणी हा दोष वाटेल. परंतु त्यामागे हिशेब होता. कामाची वाटणी अशी केली होती की, ज्यांचे आपसांत बोलणे फार, असे जीपीयू शक्य तो एकाच गटात पडावेत, आणि गटाबाहेर थोडेच संदेश जावेत. गावातील रस्ते रुंद आणि गावाबाहेरचा रस्ता बेताचा, असा हा प्रकार होय. बाजार गावातच भरत असेल, तर तो पुरतो. तात्पर्य, स्विच निवडण्यापूर्वी त्यावरून कोणते काम होणार आणि ते कसे वाटले जाणार, याची चौकशी केली पाहिजे. कामाची वाटणी ठाऊक नसेल, किंवा ती वरचेवर बदलणार असेल, तर पूर्ण रुंदीची रचनाच सुरक्षित ठरते.

६. वाटांची वाटणी

रुंद रस्ते बांधले म्हणजे वाहतूक त्यांवर समान वाटली जाईल, असे नाही. जुन्या पद्धतीत स्विच प्रत्येक संदेशप्रवाहाच्या पत्त्यांना एक गणिती सूत्र लावून त्यासाठी एक वाट ठरवितो आणि त्या प्रवाहाची सर्व पॅकेटे त्याच वाटेने पाठवितो. लहान लहान असंख्य प्रवाह असतील, तर ही वाटणी सरासरीने ठीक होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात मात्र प्रवाह थोडे आणि अवजड असतात.

समजा, आठ अवजड प्रवाह आहेत आणि आठ वाटा आहेत. सूत्राने वाटा यदृच्छया दिल्या, तर प्रत्येकास स्वतंत्र वाट मिळण्याची शक्यता किती? एकूण प्रकार ८ चा आठवा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. त्यांपैकी अनुकूल प्रकार केवळ ४०,३२०. म्हणजे चारशे वेळांत एकदाही पुरती खात्री नाही! इतर वेळी कोठे तरी दोन प्रवाह एका वाटेवर येतात आणि एखादी वाट रिकामी राहते. दोघांचाही वेग निम्मा होतो, आणि पंगतीच्या न्यायाने सर्वांचीच फेरी लांबते. छापील वहनक्षमता कागदावरच राहते.

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत. मेटाने दोन जीपीयूंमधील एका प्रवाहाचे सोळा केले, आणि स्विचला वाट ठरविताना पॅकेटाच्या शीर्षकातील आणखी काही रकाने विचारात घ्यावयास लावले. त्यामुळे वाटणी अधिक समान झाली. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेट त्या क्षणी मोकळ्या असलेल्या वाटेने सोडणे. त्यात पॅकेटे मागेपुढे पोहोचतात, म्हणून ती पुन्हा जुळवून घेण्याची सोय पलीकडच्या टोकाला असावी लागते. तेव्हा स्विच निवडताना तो वाटणी कशी करतो, आणि यंत्रांतील जाळेपत्रे त्या पद्धतीशी जुळतात काय, हे दोन्ही तपासावे लागते.

७. कोंडी आणि साठवण

बेरजेच्या वेळी अनेक यंत्रे एकदम एकाच यंत्राकडे संदेश पाठवितात. सर्व वाटा रुंद असल्या, तरी शेवटची वाट एकच असते. अशा वेळी आलेली पॅकेटे क्षणभर ठेवण्यासाठी स्विचमध्ये साठवण असते. तिला बफर म्हणतात. शंभर मेगाबाइटांची साठवण घेतली आणि वाहून जाण्याच्या क्षमतेपेक्षा ४०० गिगाबिट जादा येऊ लागले, तर ती दोन सहस्रांश सेकंदात भरते. मग पॅकेटे गळू लागतात.

ईथरनेटवरून एका यंत्राच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत परस्पर लिहिण्याची जी पद्धत आहे, तिला ‘रॉकी’ असे म्हणतात. तिला पॅकेट गळणे फार महाग पडते. म्हणून दोन युक्त्या वापरतात. पहिली, साठवण भरू लागताच मागील स्विचला ‘थांबा’ असा निरोप धाडणे. हे प्रमाण २०११ मधले आहे. दुसरी, जाणाऱ्या पॅकेटावर कोंडीची खूण करणे, म्हणजे ती पाहून पाठविणारा आपला वेग कमी करतो. हिचे प्रमाण २००१ मधले आहे. पहिली युक्ती खात्रीची, पण धोक्याची आहे. एक स्विच थांबला की त्याच्यामागचा थांबतो आणि कोंडी उलट दिशेने पसरत जाऊन निरपराध प्रवाहही अडकतात. दुसरी सौम्य, पण परिणामास वेळ लावणारी आहे.

काही स्विचांत साठवण चिपच्या आत थोडीच असते, तर काहींत बाहेर स्वतंत्र स्मृती जोडून ती पुष्कळ वाढविलेली असते. मेटाने वरच्या थरात मोठ्या साठवणीचे स्विच वापरले. मोठी साठवण गर्दी सोसते. परंतु तिची किंमत व वीज अधिक, आणि साठलेल्या पॅकेटाला उशीर हा होतोच. म्हणून साठवण कोठे हवी हे ठरविण्यापूर्वी कोंडी कोठे होणार हे ठरविले पाहिजे.

८. बिघाडाचा हिशेब

मोठ्या प्रारूपाच्या शिक्षणाच्या ५४ दिवसांच्या काळात काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबले, असे मेटाने प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात नमूद आहे. त्या वेळी सोळा हजारांवर जीपीयू कामाला जुंपलेले होते. बहुतेक थांबे यंत्रसामग्रीच्या बिघाडाचे होते, आणि त्यांत जीपीयूंचा व त्यांच्या स्मृतीचा वाटा मोठा होता. जाळ्यातील स्विच व तारा यांच्यामुळे आलेले थांबे ३५, म्हणजे शेकडा ८.४ होते.

हा आकडा लहान वाटला, तरी हिशेबाने दीड दिवसाला एक थांबा होतो. प्रत्येक थांब्यानंतर पूर्वी जपून ठेवलेल्या टप्प्यापासून काम पुन्हा सुरू करावे लागते. म्हणून स्विचच्या निवडीत पुढील प्रश्नांना वेगाइतकेच महत्त्व आहे. एक जोड बंद पडला, तर स्विच दुसऱ्या वाटेकडे किती लवकर वळतो? बिघडू लागलेल्या जोडाची सूचना आधी मिळते काय? कोणत्या पोर्टावर केव्हा कोंडी झाली, याची नोंद तो ठेवतो काय? जो स्विच आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याच्यावर उपचार करण्यात दिवस जातात.

९. खुले प्रमाण

इन्फिनिबँड ही पद्धत महागणकांत बऱ्याच काळापासून वापरली जाते. ईथरनेटला मात्र नंतर या कामासाठी तयार करावे लागले. तथापि ईथरनेटचे स्विच, चिप आणि तारा अनेक उत्पादक बनवितात. एकाशी जमले नाही तर दुसऱ्याकडे जाता येते. मेटाने आपले दोन्ही समूह जाळ्याची अडचण न येता चालविल्याचे सांगितले, यावरून नीट जुळणी केल्यास ईथरनेट या कामास पुरे पडते, असे दिसते. जुलै २०२३ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘अल्ट्रा ईथरनेट’ संघ स्थापन केला, आणि जून २०२५ मध्ये त्याचे पहिले प्रमाणपुस्तक प्रसिद्ध झाले. अनेक वाटांनी पॅकेटे सोडणे आणि कोंडीचे नियंत्रण करणे या गोष्टी सर्वांच्या यंत्रांत एकसारख्या असाव्यात, हा त्यामागील हेतू होय.

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी देऊन दहा हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद केली. सामाईक उपयोगासाठी जीपीयूंची सोय करणे हा तिचा एक भाग आहे. जेथे साधने मोजकी आणि मागणारे पुष्कळ, तेथे यंत्रे रिकामी बसणे अधिकच जाचते. म्हणून स्विचच्या निवडीचा हा विषय आपल्या अभियंत्यांच्याही नित्य कामाचा आहे.

१०. सारांश

प्रथम यंत्रे किती आणि त्यांचे काम कसे वाटले जाणार, हे ठरवावे. त्यावरून पोर्टांची संख्या व मजले काढावेत, आणि मजला गळत असेल तर मोठ्या स्विचचा विचार करावा. त्यानंतर वाटांची वाटणी, कोंडीचे नियंत्रण आणि साठवण पाहावी. बिघाडाची सूचना, वीज आणि खुले प्रमाण यांची चौकशी करूनच किमतीकडे वळावे. शक्य असेल तर थोडे स्विच आणून, आपलेच काम त्यांवर चालवून, सर्वांत शेवटच्या संदेशास किती वेळ लागतो ते मोजावे. माहितीपत्रकावरील आकडा रस्त्याची रुंदी सांगतो. शेवटची गाडी केव्हा पोहोचली, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रत्येकी २०० गिगाबिटांचे ५१२ पोर्ट असलेले स्विच घेतले, तर दोन मजल्यांत पूर्ण रुंदीने किती यंत्रे जोडता येतील?

२. चार प्रवाह आणि चार वाटा असतील, तर प्रत्येकास स्वतंत्र वाट मिळण्याची शक्यता काढा. आठांच्या उदाहरणाशी तिची तुलना करा.

३. वरच्या थराची क्षमता कमी ठेवणे केव्हा योग्य व केव्हा अयोग्य, ते पंगतीच्या न्यायाने स्पष्ट करा.

उत्तरे : १. १,३१,०७२ यंत्रे. २. २५६ प्रकारांपैकी २४, म्हणजे शेकडा सुमारे ९.४.